मेल पाठवला की लेख

लांबलचक मेल लिहिणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांचं लिहिणं चार नातेवाइकांच्या इनबॉक्समध्ये पडून राहू नये असं मला मनापासून वाटतं. आमची आत्या त्यातलीच. शाळेतून निवृत्त होऊन दापोलीजवळ गावच्या घरी राहते आणि भाचरांना मेल लिहिते. कलमांना मोहोर कसा आलाय, वानरांनी फणसांची काय दशा केली, विहिरीचं पाणी कुठवर खाली गेलं, सगळं त्यात असतं. तिला ब्लॉग उघडून दिला होता. पण "ते लॉगिन आणि ती बटणं, नको गं बाई. मेल करते, तूच टाक," हे तिचं उत्तर ठरलेलं.

मग तिच्या मेललाच ब्लॉगची वाट करून दिली. ही सोय बरीच जुनी आहे, पण फारशी कुणी वापरत नाही. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ईमेलचा विभाग असतो. तिथे आपण एक गुपित शब्द ठरवायचा. आपलं नाव, टिंब, तो शब्द आणि पुढे अ‍ॅट ब्लॉगर डॉट कॉम, असा पत्ता तयार होतो. त्या पत्त्यावर मेल गेला की विषयाच्या ओळीचं शीर्षक होतं, मजकुराचा लेख होतो आणि जोडलेला फोटो लेखात येतो. आत्याच्या फोनमध्ये हा पत्ता ‘माझा ब्लॉग’ या नावाने साठवला. आता तिच्या लेखी ब्लॉग म्हणजे आणखी एक भाचा.

गुपित शब्द नीट निवडा, हे मात्र कळकळीने सांगते. मेलवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव हे पाकिटामागे लिहिलेल्या नावासारखं असतं. कुणीही कुणाचंही लिहू शकतं. १९८२ साली मेल पोचवण्याचे जे मूळ नियम ठरले, त्यात ते पडताळायची सोयच नव्हती. पुढे पडताळणीच्या पद्धती आल्या, तरी त्यांच्यावर विसंबू नये. तो पत्ता ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या ब्लॉगवर लिहू शकेल. म्हणून शब्दात घराचं, गावाचं, नातवंडाचं नाव नको. जरा शंका आली की शब्द बदलून टाकावा.

दुसरं, आलेला मेल लगेच प्रसिद्ध करायचा की मसुदा म्हणून ठेवायचा, हे तिथेच ठरवता येतं. सुरुवातीला मसुदाच बरा. मेलखालची सही, फोन नंबर, फोन कंपनीची जाहिरातवजा ओळ, सगळं लेखात उतरतं. मजकूर संपला की हॅशचं चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजीत ‘एंड’ लिहिलं, तर पुढचं गळतं. आत्याच्या फोनमधली सही मी काढूनच टाकली.

तिच्याकडे रेंज येते ती अंगणाच्या एका कोपऱ्यात. वेबपानावर लिहिताना रेंज गेली तर जीव टांगणीला लागतो. मेल मात्र आउटबॉक्समध्ये थांबतो आणि रेंज आली की निघतो. पलीकडचा सर्व्हर बंद असला तरी पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. निदान चार-पाच दिवस तरी करावा, असं नियमावलीच सांगते. कोकणातल्या पावसाळ्यात याचं मोल फार.

आणि लिहिलेलं आपल्याकडे राहतं. पोस्टरस नावाची सेवा २००८ साली निघाली, ती मुळी मेलने लिहिण्यासाठीच. ट्विटरने ती २०१२ मध्ये घेतली आणि ३० एप्रिल २०१३ला बंद केली. नुसत्या वेबपानावर लिहिणाऱ्यांना अशा वेळी सगळं उतरवून घ्यायची धावपळ करावी लागते. मेलने लिहिणाऱ्याची मूळ प्रत ‘पाठवलेले’मध्ये असते. फोटोंसकट.

आत्याचे मसुदे सध्या मी वाचून प्रसिद्ध करते. शुद्धलेखनाला हात लावावा लागत नाही. शीर्षक द्यायचं तेवढं ती विसरते. काल तिचा फोन आला, "मधे तू कशाला? थेट जाऊ दे की!" तिचं बरोबर आहे. या रविवारी सेटिंग बदलते.