बाजारच्या दिवशी एक बशी



दिवस मावळतीला आला की शेगावच्या स्टेशनजवळच्या हॉटेलांत बाकड्यावर जागा मिळत नाही. कढईत कचोऱ्या फुगत असतात. तेल निथळले की गरम कचोरी कागदावर येते, आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. ही कचोरी मूळची वऱ्हाडातली नव्हे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर ती करायला घेतली. भुसावळ-नागपूर गाड्यांतल्या उतारूंनी तिचे नाव दूरवर नेले. आज ती आपलीच झाली आहे.

पण तिथल्या बाकड्यावर कोण बसले आहे, तेही पाहा. गजानन महाराजांचे दर्शन घेऊन आलेली सासू, सून, लेकरे, घरधनी, सगळे एका ओळीत. एक कचोरी दोघांत मोडतात, मिरचीने नाकाडोळ्यांत पाणी येते, हसतात. सुनेला कोणी विचारत नाही, "तू इथे कशी?"

हीच सून आपल्या गावच्या आठवडी बाजारात काय करते? डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सकाळी येते. दुपारी पदराआड भाकरीचा तुकडा मोडते. हॉटेलातल्या बाकड्यावर पुरुषमंडळी आलुबोंडा आणि चहा घेत भाव, पाऊस, निवडणूक बोलत असतात. तिच्यासाठी पुडा बांधून येतो. घरी पोचेपर्यंत तो थंड होतो, आणि लेकरांना वाटून झाल्यावर तिच्या हाती कागद उरतो!

देवाच्या गावी जे चालते, ते आपल्या गावी का चालू नये?

दूर स्पेन देशात अशीच रीत आहे. तिथे रात्रीचे जेवण नऊ-दहाला होते. म्हणून संध्याकाळी शेजारीपाजारी गल्लीतल्या दुकानात जमतात आणि लहान लहान बश्या मागवून वाटून खातात. त्या बशीला 'तापा' म्हणतात; शब्दाचा अर्थ झाकण. एका दुकानात एक बशी, मग पुढच्या दुकानात दुसरी. बायका, म्हातारी माणसे, लेकरेही तिथे असतात. त्यांच्याकडे बशीबरोबर बहुधा मद्याचा पेला असतो. तो पेला आपण तिकडेच राहू द्यावा. बशी मात्र घेण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल, "घरी सैपाक हाये ना, मंग पैसे कायले घालवता?" खरे आहे. हंगाम हातचा गेला तर चहासुद्धा जड होतो. पण पुड्याला पैसे लागतातच. तेच पैसे बाकड्यावर खर्च करा. चौघांत दोन कचोऱ्या, अर्धा अर्धा चहा. पोट त्याने भरणार नाही, ते घरच्या भाकरीनेच भरेल. पण कापूस वेचणारी, निंदणारी, बाजारात भाजी विकणारी बाई घटकाभर बसेल. गरम घास दुसऱ्याच्या हातचा खाईल. भावाच्या आणि बियाण्याच्या गोष्टीत तिचाही शब्द पडेल. शेत तिलाही कळते, हे ऐकणाऱ्यांनाही कळेल.

दादा, येत्या बाजारी पुडा बांधायला सांगू नका. तिची पाटी रिकामी झाली की तिला हाक मारा, आणि बाकड्यावर थोडे सरकून बसा.