विद्येच्या माहेरघरी पाहुण्याला जागा नाही!

जून-जुलै उजाडला की पुण्याच्या रेल्वे स्थानकावर आणि एस. टी. स्थानकांवर बॅगा-वळकट्या घेतलेली तरुण मुलेमुली उतरू लागतात. कोणी नंदुरबारच्या पाड्यावरून आलेले असते, कोणी लातूर-नांदेडकडून. कोणी मणिपूर-नागालँडहून, तर कोणी इराण किंवा आफ्रिकेतील एखाद्या देशातून. विद्यापीठात त्यांना प्रवेश मिळतो, महाविद्यालयात बाक मिळतो. मिळत नाही ती राहायला खोली! या शहराला आम्ही मोठ्या अभिमानाने विद्येचे माहेरघर म्हणतो. परंतु ज्या माहेरी दारातच आडनाव विचारले जाते, त्याला माहेर म्हणावे काय?

घरमालकांची प्रश्नावली आता सर्वांस तोंडपाठ झाली आहे. नाव काय? आडनाव काय? मूळचे कोठले? जेवणाखाणाचे कसे? ठरावीक आडनाव कानी पडले, ठरावीक धर्म कळला किंवा कातडीचा रंग दिसला, की खोली ‘कालच गेलेली’ असते. मासळी शिजविणारा मुलगा नको, आंबवलेल्या बांबूचा वास स्वयंपाकघरात दरवळवणारी ईशान्येची मुलगी नको. आणि परप्रांतीयांचीच ही कथा आहे असे कोणी समजू नये. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या आपल्याच खेड्यातील मुलाला वर्गात हशा ऐकावा लागतो. तोही मराठीच बोलत असतो. फक्त ती पेठेतली नसते. विविधतेची पहिली परीक्षा आमच्या मायबोलीच्या अंगणातच होते, आणि तेथेच आम्ही नापास होतो.

स्नेहसंमेलनात मात्र हीच विविधता आम्हांस फार आवडते! नागा नृत्य झाले की टाळ्या पडतात, आफ्रिकी ढोल वाजला की छायाचित्रे निघतात. रंगमंचावर ज्याचे कौतुक झाले त्याने रात्री कोठे निजावे, हा प्रश्न पडदा पडल्यावर कोणी विचारीत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांची वावटळ उठली, तेव्हा ईशान्य भारतातील तरुण मोठ्या संख्येने पुणे सोडून निघाले. अफवा खोट्या होत्या हे खरे; पण वर्षानुवर्षे येथे राहूनही ज्याच्यापाशी जाऊन धीर मागावा असा एक शेजारी अनेकांना नव्हता, म्हणूनच त्या अफवांना पाय फुटले.

या शहराच्या विद्यापीठाची स्थापना १९४८ सालच्या कायद्याने झाली. गणेशखिंडीतील ज्या प्रासादात इंग्रज गव्हर्नर पावसाळ्यात मुक्काम करीत, तेथे शेतकऱ्या-कामकऱ्यांची मुले शिकू लागली. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. नाव देणे सोपे असते. ते पेलणे कठीण! १८६८ साली, अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे बंद असताना, जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. नगरपालिका काय करील, सरकार काय करील, याची वाट ते बघत बसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या घरापासून आरंभ केला. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला त्याच शहरातील घराचे दार जातीवरून बंद व्हावे, याहून मोठी विटंबना कोणती?

एकत्र राहण्याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. एका पंक्तीत जेवायला समाज तयार नव्हता, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारली. त्यापुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात टाकले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र रांधू-जेवू लागली. पुण्यातच, फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे आणि वसतिगृह सांभाळणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांना खोलीच्या खिडकीतून एका आजारी परदेशी विद्यार्थ्याला जेवण दिले जाताना दिसले. त्याला कावीळ झाली होती. त्या अस्वस्थतेतून १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी जी संस्था निघाली, तिला त्यांनी आपल्या शास्त्रातलेच नाव दिले: सिंबायोसिस, म्हणजे भिन्न जीवांचे सहजीवन. एका माणसाने खिडकीकडे नीट पाहिले, एवढीच ती गोष्ट.

आमच्यावर आक्षेप येईल, की घर ज्याचे, निवड त्याची. भाडे बुडते, रात्रीबेरात्री गोंगाट होतो, पोलीस दाराशी येतात. मग घरमालकाने सावध राहू नये काय? जरूर राहावे! भाडे आगाऊ घ्यावे, करार नोंदवावा, वर्तनाच्या अटी घालाव्यात. परंतु भाडे आडनाव बुडवीत नाही आणि गोंगाट धर्म करीत नाही. घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव यांवरील जातिधर्माचा पहारा उठविला. खाजगी खोलीच्या उंबरठ्यापाशी मात्र कायद्याचा हात आखडतो. जेथे कायदा थांबतो, तेथून सुसंस्कृतपणाची हद्द सुरू होते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी वसतिगृहे वाढवावीत, आणि खोल्या देताना प्रांतवार कप्पे न करता मुले मिसळून ठेवावीत. भेद न करता जागा देणाऱ्या घरांची यादी प्रत्येक महाविद्यालयाने ठेवावी. गृहनिर्माण संस्थांनी जात आणि आहार यांवरून भाडेकरू नाकारण्याची रूढी ठराव करून मोडावी. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात कामापुरती मराठी शिकविण्याची सोय व्हावी, आणि त्यानेही ती आपुलकीने शिकावी. सहजीवनाची जबाबदारी दोन्ही बाजूंची असते.

शेवटी प्रश्न उरतो तो आमच्या वाचकांचा, म्हणजे सुशिक्षित, स्वतःची सदनिका असलेल्या, मुलामुलींना परदेशी शिकावयास पाठविणाऱ्या मध्यमवर्गाचा. आपल्या मुलाला लंडनमध्ये किंवा बोस्टनमध्ये त्याच्या रंगावरून कोणी खोली नाकारली, तर आपले रक्त उसळते. ते उसळलेच पाहिजे. तेच रक्त सदाशिव पेठेत आणि कोथरूडमध्ये थंड का पडते? या आठवड्यात एखादा विद्यार्थी आपल्या दारात उभा राहील. त्याचे नाव अवश्य विचारा. पण आडनाव ऐकण्यापूर्वी त्याला आत घेऊन पाणी द्या!