पांडुरंगाला कुणी घडवलं?

मूल म्हणजे निरागसता, हे आपण गृहीतच धरतो. भयपट नेमका तिथेच हात घालतो. १९७६च्या ‘द ओमेन’मधला डेमियन सैतानाचंच पोर, म्हणजे आईबाप सुटले! २०१८चा ‘तुंबाड’ ही सोय देत नाही. त्यातल्या विनायकचा पोरगा पांडुरंग हाव शिकतो ती बापाकडूनच. लंगोटात सोन्याची नाणी बाळगणाऱ्या हस्तर या शापित देवाचा अख्खा लंगोटच पळवायची युक्ती हाच पोरगा सुचवतो, बापाला ती पटतेही. मला धास्ती वाटली ती त्या पटण्याची. आणि शेवटी हाती आलेलं घबाड नाकारतो, तोही पांडुरंगच. (त्याची आणि सिनेमातल्या भयाण आजीची, दोन्ही भूमिका मोहम्मद समदच्याच!) हा अंक पडद्यावरच्या अशा पोरांचा. आईबापांनी आधी वाचावा.