चिप बसवा, टॉर्क वाढवा?

ट्रकचं इंजिन न उघडता टॉर्क वाढवून देणारी डबी म्हणे जादू करते. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला या प्रकाराचा जरा जास्तच राग येतो. डबी करते काय, तर कॉमन रेलच्या सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला सांगते. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, टॉर्क वाढतो. चक्क थापा! आमच्या कोडमध्ये असलं काही सापडलं तर टीम लीड उभा जाळेल.

हवा तेवढीच, डिझेल जास्त. मग काळा धूर येणारच. एक्झॉस्ट तापतो, टर्बो आणि पिस्टन भाजून निघतात.

बरं, सरळ मार्ग नाहीत का? आहेत की! चोंदलेले फिल्टर बदला, इंटरकूलरचा फाटका होज बघा, टॅपेट सेट करा. हरवलेला टॉर्क बऱ्याचदा इथेच सापडतो. आणखी हवाय? मागच्या एक्सलचा रेशो ५ चा ५.५ करा. चाकाशी टॉर्क १० टक्के जास्त, त्याच आरपीएमला वेग ९ टक्के कमी. रोखठोक व्यवहार.

पण बहुतेकांना टॉर्क हवा असतो तो जादा माल भरायला. २०१८ मध्ये सरकारने एक्सल लोडची मर्यादा वाढवली, तरी हाव सुटत नाही. मंडळी, डबी लावून बोरघाट चढाल हो. उतरताना ब्रेक मात्र कंपनीने दिले तेवढेच असतात, आणि पुढे लोणावळ्याहून परतणारी तुमची-आमची गाडी असते.