आधी बूड बघा!

टेक-फेस्ट जवळ आला की हॉस्टेलमध्ये एकच चर्चा. कुणाची मोटर किती केव्हीची, कुणाची बॅटरी किती सेलची! घरी ‘प्रोजेक्टला लागतायत’ असं सांगून पैसे मागवले जातात आणि ब्रशलेस मोटर येते. आणि बोटीचं बूड? थर्मोकोलची शीट कापली, पुढे टोक काढलं, झाली बोट. माझ्या मते हा सगळा उलटा कारभार आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटी आहे, सांभाळून घ्या.)

जरा हिशोब करू. 60 सेंटीमीटरची बोट पाणी बाजूला सारत चालते, तोवर सेकंदाला साधारण एक मीटरच्या पुढे तिला फार जड जातं. कारण त्या वेगाला तिने उठवलेली लाट तिच्याच लांबीची होते आणि बिचारी आपल्याच लाटेचा चढ चढत बसते. नुसती मोटर वाढवून फारसा फरक पडत नाही. त्यातून सुटायचं तर बोटीने वर उचललं जाऊन पाण्यावरून घसरत जायला हवं, म्हणजे प्लेनिंग. सपाट बूड हे सगळ्यात झटकन करतं. गोल बुडाला ते जमत नाही, पाणी गोलाईला चिकटून वर येतं आणि मागचा भाग खाली ओढतं. हळू चालवायची असेल तर मात्र गोलच छान.

मग सपाटच करावं ना? सरळ रेषेत, शांत पाण्यात, हो. पण वळण आलं की बाथरूमच्या ओल्या फरशीवर स्लिपर घसरावी तशी ती आडवी घसरते, बाहेरची कड पाण्यात रुतते आणि बोट पालथी! ‘व्ही’ आकाराचं बूड पॉवर जास्त खातं, उभं असताना डुलतं, पण वळताना आत झुकतं आणि लाटा कापतं. 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीत रे हंटच्या डिझाइनची ‘मॉपी’ खवळलेल्या समुद्रात जिंकली, ती अशाच खोल ‘व्ही’वर.

आणि डुलणं कमी करायचा उपाय आपल्याच सिलॅबसमध्ये आहे. स्थिरता रुंदीच्या घनावर जाते. 20 सेंटीमीटरची बोट 25 ची केली की जलरेषेचा मोमेंट ऑफ इनर्शिया जवळजवळ दुप्पट! लेक्चरला झोपणाऱ्यांनी करून बघा. बॅटरी तळाशी ठेवा, हे तर फुकटात होतं.

विल्यम फ्रूडने 1860 च्या दशकात ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ अशी दोन आकारांची मॉडेल्स पाण्यात ओढून पाहिली. सगळ्या वेगांना सरस असा एकही आकार निघाला नाही. म्हणजे पाणी कसलं, वेग किती, वळणं आहेत की नाहीत, हे ठरल्याशिवाय बूड ठरत नाही. आपल्या स्पर्धेत ठरवतो कोण? नियम! आणि नियमात आहे फक्त सरळ धाव आणि स्टॉपवॉच. मग पोरं सपाट बूड आणि महाग मोटर आणणार, यात त्यांचं काय चुकलं? ज्याच्या घरून जास्त पैसे येतात तो जिंकतो, इंजिनिअरिंग कुठे राहिलं?

आयोजकांना माझं म्हणणं एवढंच, की मोटर सगळ्यांना एकसारखी द्या आणि दोन वळणं ठेवा. वळणाच्या खुणांना रिकामे ड्रम चालतील, मेसच्या मागे कधीचे पडलेत.