डोकेदुखीमागची गोगलगाय

पावसाळ्यात ताप आणि डोकेदुखी घेऊन दवाखान्यात येणारा रुग्ण वर्धा जिल्ह्याला नवा नाही. मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस ही नावे आता गावोगावच्या आशाताईंनाही पाठ आहेत. या यादीत सहसा नसलेल्या एका आजाराबद्दल आज लिहायचे आहे. तो दुर्मीळ आहे, घाबरून जाण्यासारखा नाही. पण तो ओळखायचा तर रुग्णाला एक साधा प्रश्न विचारावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो: गेल्या महिनाभरात कच्चे, अर्धवट शिजलेले काय खाल्ले?

हा आजार उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीमुळे होतो. 1935 मध्ये चीनमधल्या कँटनच्या उंदरांत तो प्रथम नोंदला गेला, म्हणून त्याचे शास्त्रीय नाव अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. दोन-अडीच सेंटिमीटरचा हा कृमी उंदराच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत राहतो. त्याच्या अळ्या उंदराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गोगलगायीच्या शरीरात वाढतात, आणि ती गोगलगाय उंदराने खाल्ली की पुन्हा उंदरात येतात. तिथे त्या आधी मेंदूत जाऊन वाढतात व मग फुप्फुसाकडे वळतात.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. अळी आपल्याही मेंदूपर्यंत पोहोचते, पण पुढचा प्रवास बहुधा होत नाही. ती तिथेच मरते आणि खरा त्रास तेव्हा वाढतो, कारण मेलेल्या अळीवर शरीराची संरक्षक यंत्रणा तुटून पडते. मेंदूच्या आवरणाला सूज येते. डोके असह्य दुखते, उलट्या होतात, मान अवघडते. कातडीला मुंग्या येतात, नुसता कपडा लागला तरी झोंबते. ताप मात्र कधी अगदी थोडा असतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. मोजक्यांची दृष्टी जाते, लकवा येतो किंवा मृत्यूही ओढवतो.

हे सारे दूर चीनचे, असे म्हणायची सोय नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हाफकिन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतल्या उंदीर-घुशी तपासल्या आणि त्यांत हा कृमी सापडला. शोधला, म्हणून सापडला. गोगलगायींचे तर सांगायलाच नको. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवमध्ये त्यांनी कोवळे सोयाबीन फस्त केले आणि शेतकऱ्यांनी त्या हातांनी वेचून पोत्यांत भरल्या. सोयाबीन आपल्याही वावरात आहे. प्रत्येक गोगलगायीत ही अळी असते असे नाही; तरी वेचताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत आणि पोरांना त्यांच्याशी खेळू देऊ नये.

स्वयंपाकघरात मुद्दा कच्च्या पाल्याचा. सांबार, पालक, मेथीचा घोळाणा हे आपले आवडते. पानाच्या बेचक्यात बसलेली नखाएवढी गोगलगाय नुसते पाणी ओतून जात नाही. पान न पान सुटे करून वाहत्या पाण्यात चोळावे लागते. पूर्ण खात्री फक्त शिजवण्याची. झिंगे, खेकडे यांनाही तेच लागू. आणि घोरपड! तिचे रक्त, मांस ‘ताकदी’साठी खाणारे अजून आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहेच, पण केरळमध्ये घोरपडीच्या कच्च्या मांसानंतर या मेंदूज्वराचे रुग्ण नोंदले गेले आहेत. कसली ताकद?

निदान पाठीतल्या पाण्यावर ठरते. त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दहा टक्के किंवा अधिक दिसल्या तर कृमीचा संशय घ्यायचा. या पेशी डुकराच्या मांसातून येणाऱ्या टेपवर्मच्या आजारातही दिसू शकतात, म्हणून खाण्याचा इतिहास महत्त्वाचा. आपल्याकडे मेंदूचा क्षय अधिक, त्यामुळे डॉक्टरांचे लक्ष आधी तिकडे जाणे स्वाभाविक आहे. पण पेशी नीट रंगवून, प्रकारवार मोजल्याच नाहीत तर क्षयाची औषधे महिनोन्‌महिने विनाकारण चालू राहू शकतात. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे मेंदूज्वराच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर या मोजणीचा आकडा आणि ‘कच्चे काय खाल्ले’ याचे उत्तर असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. खर्च जवळपास काहीच नाही.

उपचारात वेदनाशामके आणि सूज उतरवणारी स्टिरॉइड्स देतात. जंताची गोळी घरच्या घरी घेऊ नये. मेंदूत एकदम अळ्या मेल्या तर सूज वाढू शकते, म्हणून ती द्यायची की नाही यावर डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत.

राहिली पाठीतून पाणी काढण्याची भीती. ‘पाणी काढले की माणूस लुळा होतो’ असे सांगून नातेवाईक रुग्णाला घरी घेऊन जातात. या आजारात तर त्याच सुईने निदान होते, डोक्यातला वाढलेला दाबही उतरतो आणि दिवसचे दिवस न थांबलेली डोकेदुखी काही काळ तरी हलकी होते.