मुक्त स्रोतातील 'मर्ज'चा तिढा

नाशिकला मुक्त स्रोताचे वावडे नाही. २०१५ च्या सिंहस्थासाठी 'कुंभथॉन'च्या निमित्ताने शहरातील विद्यार्थी, अधिकारी आणि परदेशी संशोधक एकत्र बसले. त्या उपक्रमामागे असलेले, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमधील संशोधक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०२० मध्ये करोनाकाळात 'सेफ पाथ्स' हे ॲप तयार झाले. त्याचा कोड सर्वांसाठी खुला होता आणि जगभरचे स्वयंसेवक त्यात भर घालत होते. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकच कोड लिहितात, तेव्हा त्यांच्या बदलांची गाठ कधी ना कधी पडतेच. तिलाच 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' म्हणतात.

समजा, अशा एखाद्या ॲपमध्ये फोनच्या ठिकाणाची नोंद दर ५ मिनिटांनी होते. बॅटरी वाचावी म्हणून एकाने ती १० मिनिटांवर नेली. अचूकता वाढावी म्हणून दुसऱ्याने ३ वर आणली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्ससाठी लिहिलेली 'गिट' ही प्रणाली मूळ ओळ आणि दोन्ही बदल ताडून पाहते. बदल वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर ती ते मुकाट्याने जुळवते. ओळ एकच असेल तर मात्र ती थांबते, दोन्ही मजकूर खुणांमध्ये समोर ठेवते आणि निर्णय माणसावर सोपवते. सातबाऱ्यावरील फेरफाराला हरकत आली की नोंद चौकशीशिवाय प्रमाणित होत नाही, तसाच हा प्रकार. हा यंत्राचा बिघाड नव्हे, प्रामाणिकपणा आहे.

नवखे नेमके येथेच चुकतात. 'माझे ठेवा' असा पर्याय निवडून ते मोकळे होतात आणि दुसऱ्याचे काम नकळत पुसले जाते. वरील उदाहरणात ३ की १०, हा प्रश्नच अपुरा आहे. दोघांनी बदल का केला, हे आधीच्या नोंदींतून वाचले, विचारले, तर फोन स्थिर असताना १० आणि फिरता असताना ३ असे उत्तर निघू शकते. ते दोघांच्याही बदलांत नव्हते.

उलटही घडते. एकाने फंक्शनचे नाव बदलले आणि दुसऱ्याने दुसऱ्या फाइलमध्ये ते जुन्याच नावाने वापरले, तर गिट काहीच तक्रार करत नाही. कोड मात्र मोडतो. म्हणून मर्जनंतर चाचण्या चालवणे अटळ ठरते. बदल लहान ठेवणे आणि मूळ शाखेतील नवे काम वरचेवर आपल्याकडे आणणे, हे त्यावरचे साधे पथ्य. लिनक्सच्या प्रमुख सहकाऱ्यांना मात्र उलट सूचना आहे : संघर्ष दिसला म्हणून तो परस्पर मिटवून पाठवू नका. तो टोरवाल्ड्स यांनाच पाहायचा असतो, कारण कोणत्या भागात उलथापालथ चालू आहे, हे त्यावरून कळते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. २०२० च्या 'हॅक्टोबरफेस्ट'मध्ये टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा एवढा पूर आला की, आयोजकांना अवघ्या तीन दिवसांत नियम बदलावे लागले. २०२४ च्या प्रारंभी 'एक्सप्रेस' या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात आपली नावे घालणाऱ्या विनंत्यांची रीघ लागली. दोन्ही वेळी भारतीय विद्यार्थ्यांकडे बोट दाखवले गेले. सराव म्हणून दाखवलेली कृती त्यांनी थेट दुसऱ्याच्या घरात जाऊन केली. याची किंमत मनापासून काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही मोजावी लागते. त्याच्या पहिल्याच विनंतीकडे संशयाने पाहिले जाते.

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये तंत्रज्ञानाची चर्चा पुन्हा होत आहे. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विनंत्यांची संख्या मोजण्याऐवजी दोन विद्यार्थ्यांना मुद्दाम एकाच ओळीवर काम द्यावे आणि तिढा त्यांनाच सोडवू द्यावा. गर्दीच्या शहरात शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून वाट काढावी लागते. कोडमध्येही वेगळे काही करायचे नसते.